वनहक्काच्या दाव्यात पत्नीचे नाव कसे लावावे

वनजमिनीवरच्या नाचणी-वरईच्या शेतात आदिवासी बाई लावणीपासून मळणीपर्यंत राबते, आणि त्या जमिनीच्या हक्काचा दावा मात्र बहुधा एकट्या पुरुषाच्या नावाने भरला जातो. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(4) स्पष्ट आहे: दावेदार विवाहित असल्यास हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने व्हायला हवी, आणि कुटुंबप्रमुख एकटी स्त्री असल्यास तिच्या एकटीच्या नावाने.

वैयक्तिक दाव्याच्या 'नमुना अ' मध्ये पहिला रकाना दावेदारांच्या नावांचा आणि दुसरा जोडीदाराच्या नावाचा असतो. पत्नीचे नाव केवळ दुसऱ्या रकान्यात न ठेवता पहिल्यातही लिहावे, दोघांचीही सही किंवा अंगठा घ्यावा आणि नाव आधार व रेशनकार्डावर आहे तसेच, माहेरच्या-सासरच्या नावांची सरमिसळ न करता लिहावे. विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित स्त्रीने मुलगा अथवा दीर पुढे करण्याचा सल्ला मानू नये. दावा तिचाच आहे.

जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असल्याचे किमान दोन पुरावे लागतात. कागद नसल्यास घाबरू नये. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. बांध, घर, जुनी ताल अशा खुणाही चालतात. ग्रामसभेने दावे तपासण्यासाठी निवडलेली वनहक्क समिती पाहणीला येईल तेव्हा पत्नीने स्वतः शेतावर हजर राहून हद्द दाखवावी, कारण कोणता बांध कधी घातला हे अनेकदा तिलाच नेमके ठाऊक असते. दावा दिल्यावर पोच घ्यावी.

वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, आणि दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेत उपस्थितांपैकीही तेवढ्याच. मजुरीच्या दिवशी सभा ठेवली की बायका येत नाहीत आणि रजिस्टर मागाहून घरोघर फिरते. न गेलेल्या सभेच्या रजिस्टरवर सही करू नये.

मंजुरीनंतर मिळणाऱ्या हक्कपत्रावरही पती-पत्नी दोघांची नावे वाचून पाहावीत. नाव गळले असल्यास लगेच लेखी अर्ज द्यावा. ग्रामसभेचा ठराव मान्य नसल्यास साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे, आणि तिथला निर्णय मान्य नसल्यास पुढील साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते.