वावरात लेआउट पाडताय? नकाशाआधी झाडं मोजा

गावालगतच्या वावराला भाव आला आणि त्याचे प्लॉट पाडायचं ठरलं की पहिला फोन मोजणीवाल्याला जातो, दुसरा इंजिनिअरला आणि तिसरा जेसीबीवाल्याला. झाडांचा विषय निघतो तो जेसीबी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राहिल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण झाड खरं तर नकाशावरच तुटलेलं असतं.

माझ्या चुलतभावाचं हेच झालं. दोन एकर वावर, उत्तरेच्या धुऱ्यापासून थोडं आत एक जुना मोह. नकाशा काढणाऱ्याने नऊ मीटरचा रस्ता नेमका त्याच्या बुंध्यावरून नेला. मुद्दाम नाही, त्याच्या कागदावर मोह नव्हताच. रस्ता चार मीटर सरकवला असता तर झाड वाचलं असतं. पण नकाशा मंजूर झालेला, तो बदलायचा म्हणजे पुन्हा सगळे टेबल फिरायचे. घरच्यांनी नाद सोडला. म्हणून खालचा क्रम सांगतोय. यातलं पहिलं काम सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

पहिलं काम: झाडांची यादी

एक वही, एक टेप आणि एक माणूस सोबत घ्या. सकाळी वावरात जा. प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर टाका. वहीत नंबर, जात, खोडाची गोलाई आणि फांद्यांचा पसारा लिहा. गोलाई छातीच्या उंचीवर मोजतात, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. बुंध्यापाशी मोजली तर आकडा फुगतो आणि पाहणीला आलेला वनरक्षक तो खोडून टाकतो. पसारा कसा मोजायचा? दुपारी बाराच्या सुमारास सावली कुठवर पडते ते पावलांनी मोजा, ढोबळ अंदाजाला तेवढं पुरतं. जमलं तर मोबाईलवर प्रत्येक झाडाचं लोकेशन आणि दोन फोटो ठेवा, एक जवळून, एक आजूबाजूची खूण दिसेल असा.

धुऱ्यावरची झाडं वेगळी लिहा. ती तुमची, शेजाऱ्याची की सामाईक, हे मोजणी झाल्याशिवाय ठरत नाही. आमच्याकडे विदर्भात भाऊबंदकीची निम्मी भांडणं याच झाडांवरून होतात. जमीन महसूल संहितेच्या कलम २५ प्रमाणे धारण जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा, पण त्यासाठी झाड त्याच्याच हद्दीत आहे हे दिसावं लागतं. भूमी अभिलेखची मोजणी मागताना मोजणीदाराला सांगून धुऱ्यावरची मोठी झाडं नकाशावर दाखवून घ्या. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का तेही बघा. नसेल तर ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, ती वापरा. नंतर ‘इथे झाड नव्हतंच’ किंवा ‘इथे वीस होती’ असं कोणी म्हटलं, तर हातात कागद असतो.

दुसरं: जमीन कोणत्या प्रकारची

इथे घाई करू नका. सातबारा पूर्ण वाचा, ‘इतर हक्क’सुद्धा. भोगवटदार वर्ग २ असेल, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढची पावलं टाकू नका.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत एक जास्तीची भानगड आहे. जुन्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ असं लिहिलेली जमीन. तिथे झाड सोडा, झुडूपही नसेल, नुसती गोटाड माळरान असेल, तरी ती वनजमीन धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात हे स्पष्ट केलं. ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा तो प्रश्न होता. अशा जमिनीवर काही उभारायचं तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. म्हणून ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून प्लॉट घेणाऱ्यांनी चालू सातबाऱ्यावर थांबू नये. जुने अभिलेख काढून बघावेत, निस्तार पत्रकसुद्धा, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची जुनी नोंद.

जमीन आदिवासी भोगवटदाराची असेल तर झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. उभ्या झाडांचा सौदा व्यापाऱ्याशी परस्पर करता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करूनच विक्री होते. ‘कागदपत्रं आम्ही बघतो, तुम्ही फक्त अंगठा द्या’ म्हणणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिसरं: कोणता कायदा लागू होतो

ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू होतो. त्याला अनुसूची आहे, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या जातींची यादी. सागवान, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही त्यातली आपल्याकडे भेटणारी नावं. ही झाडं स्वतःच्या वावरातली, स्वतः लावलेली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्याकडे लोकांना फक्त सागवानाचं भय. आंबा आणि चिंच मात्र ‘घरचंच झाड’ म्हणून बिनधास्त पाडतात.

पण आधी एक खात्री करा: तुमचं गाव अजून ग्रामपंचायतच आहे का? विदर्भात तालुक्याच्या ठिकाणची बरीच गावं गेल्या काही वर्षांत नगरपंचायती झाली. घरं तीच, गुरंढोरं तीच, कायदा मात्र बदलला. तिथे १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा बघावा लागतो. त्याला जातींची अनुसूची नाही, तिथे कडुनिंबालाही परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेने तर हिशेबच कडक केला: ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज’, आणि जेवढं तोडलेल्या झाडाचं वय तेवढी नवी झाडं. चाळीस वर्षांचा एक कडुनिंब गेला की चाळीस रोपं, तीही बोटभर नाहीत, सहा ते आठ फुटांची, आणि त्यांची सात वर्षं निगा. हा आकडा कळला की नकाशातला रस्ता आपोआप सरकतो, असा माझा अनुभव आहे.

चौथं: झाडं धरून नकाशा काढा

यादी घेऊन इंजिनिअरसमोर बसा. रेखांकनाचं, म्हणजे लेआउटचं, क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकर किंवा त्याहून जास्त असेल, तर १० टक्के जागा खुली सोडावीच लागते. सहसा ही खुली जागा कोपऱ्यातली, तिरपी, विकायला नको असलेली अशी काढतात. त्याऐवजी जिथे मोठी झाडं आहेत तिथे ती काढा. भावाच्या दोन एकरांत खुली जागा आठशे चौरस मीटरच्या वर निघत होती. मोहाचा पसारा बारा मीटर धरला तरी त्याला सव्वाशे चौरस मीटरही लागत नव्हते. झाड वाचवायला एकही प्लॉट गमवावा लागला नसता.

धुऱ्यावरच्या झाडांसाठी दुसरी युक्ती. प्लॉटची मागची हद्द त्या ओळीवर येऊ द्या, रस्ता नको. मागच्या अंगणात झाड टिकतं, रस्त्याकडेला नालीच्या खोदकामात मरतं. फक्त काळ्या मातीत घराचा पाया मोठ्या झाडाच्या फार जवळ घेऊ नका. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि मुळं पाणी ओढतात तिथे ती आणखी आकसते.

पाचवं: तोडायचंच असेल तर

जी झाडं वाचत नाहीत त्यांचाच अर्ज करा. सगळ्या वावराचा सरसकट अर्ज दिला की पाहणीला येणाऱ्याच्या मनात शंका येते. वन परिक्षेत्र कार्यालयात आणि तहसीलमध्ये आधी विचारा, कोणत्या जातीचा अर्ज कोणत्या टेबलावर घेतात. सोबत चालू सातबारा, आठ-अ, मोजणी नकाशा, नंबर टाकलेली झाडांची यादी, फोटो आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतिपत्र. मुंबईला गेलेल्या काकांची सही राहिली म्हणून अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, ती आधी आणा. पोच घ्या. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, पटवारी आणि वनरक्षक दोघांनाही नंबर दाखवा.

तोडलं की लगेच ट्रॅक्टरमध्ये भरायचं नाही. लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण आणि हातात वाहतूक परवाना हवा. तो नसेल तर नाक्यावर लाकडासोबत ट्रॅक्टरही अडकतो. काही जातींना वाहतूक परवान्यातून सूट आहे, आपल्या जिल्ह्याची यादी वन परिक्षेत्र कार्यालयात मिळते.

सहावं: वाचवलेलं झाड बांधकामात मारू नका

कागदावर वाचलेली बरीच झाडं दोन वर्षांत वाळतात, आणि लोक म्हणतात कीड लागली. कारण बहुतेक वेळा मुरूम असतो. प्लॉट सपाट करताना बुंध्याभोवती दोन फूट मुरूम पडतो, जेसीबीचा पंजा एका बाजूची मुळं ओढून काढतो, सिमेंटचं पाणी तिथेच ओततात. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळतो. उपाय साधा आहे: पहिला डोझर येण्याआधी झाडाच्या सावलीच्या कडेने बल्ल्या गाडून तार ओढा. त्या तारेच्या आत ना गाडी, ना गिट्टी, ना मजुरांची चूल. जेसीबीवाल्याला तोंडी सांगून उपयोग नाही, त्याला तासाचे पैसे मिळतात.

मोठं झाड मशीनने उचलून दुसरीकडे लावायची चित्रं मोबाईलवर येतात. जुन्या मोहाच्या बाबतीत तो नाद करू नका, त्याचं सोटमूळ खोल गेलेलं असतं.

सातवं: बदली झाडं

परवानगीपत्रात किती झाडं, कुठे आणि किती दिवसांत लावायची ते लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. पण आपल्याकडे झाड लावल्याने जगत नाही, एप्रिल-मे काढल्याने जगतं. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव रोप आणण्याआधी ठरवा.

खड्डे मे महिन्यात खणा, दोन-दोन फुटांचे, आणि ऊन खाऊ द्या. मातीत शेणखत मिसळून भरा. एका पावसावर भुलू नका, जमीन खोलवर भिजल्यावरच लावा. काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून माती जरा वर उचलून ठेवा. बकऱ्यांसाठी बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. लोखंडी जाळी गावात फार दिवस राहत नाही. दिवाळीनंतर बुडाशी पऱ्हाटी, तुराट्या किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, खोडाला चिकटवून मात्र नको, उधई लागते. उन्हाळ्यात बाजूला तळाला छिद्र पाडलेलं मडकं पुरा. छिद्रात चिंधीची वात घाला आणि दोन-तीन दिवसांनी मडकं भरा.

जात निवडताना नर्सरीत जे फुकट मिळतं ते आणू नका. रस्त्याकडेला कडुनिंब, करंज. खुल्या जागेत चिंच, जांभूळ, आवळा. मोह गेला असेल तर मोहच लावा, पण बी ताजं हवं, ते फार दिवस टिकत नाही. पिशवी उंच घ्या, नाहीतर सोटमूळ तळाशी वळसे घेतं. फुलं दहा वर्षांच्या आत मागू नका.

भावाने मोहाच्या बदल्यात बारा रोपं लावली होती, फोटो काढून कार्यालयात दिले होते. आज दोन उभी आहेत. दोन्ही करंज, आणि दोन्ही त्या एका घरासमोर जिथल्या काकू भांडी घासल्याचं पाणी रोज तिकडे ओततात.