इंग्लंडात नर्सरीचं बिल कमी करायचंय? आधी व्हिसा बघा

लंडनजवळच्या स्लाउमधल्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर उन्हाळा आला की हटकून विचारणा होते, ‘ते नर्सरीचे आठवड्याला ३० तास फुकट कसे मिळतात गं?’ माझा उलटा प्रश्न ठरलेला: व्हिसा कुठला?

नवराबायको दोघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही) असेल, तर ३० तास नाहीत आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर, म्हणजे बिलात सरकारची भर, तीही नाही. एकाला जरी आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की दार उघडतं. तोवर तीन-चार वर्षांच्या मुलांचे आठवड्याला १५ तास तेवढे घ्या, ते सगळ्यांना आहेत.

मग कमाई. आठवड्याला १६ तास किमान वेतनाने जेवढे होतात तेवढे दोघांनीही कमवायला हवेत, आणि एकाचंही वार्षिक उत्पन्न १ लाख पौंडांवर जाता कामा नये. गंमत म्हणजे दोघांना ९५-९५ हजार चालतात, पण एकाला १ लाख १ हजार आणि दुसरीला २० हजार असले की ३० तास आणि टॅक्स-फ्री दोन्ही गेलं! बोनसच्या वर्षी आयटीवाले पेन्शनमध्ये जादा पैसे टाकून हिशोबातलं उत्पन्न खाली आणतात ते उगीच नाही.

अर्ज गव्ह डॉट यूकेवर. मिळालेला ११ आकडी कोड नर्सरीला द्यायचा. हक्क मूल ९ महिन्यांचं झाल्यावर, तोही पुढच्या टर्मपासून, म्हणजे शाळेच्या सत्रापासून. सप्टेंबरला सुरू करायचं तर ३१ ऑगस्टच्या आत कोड हवा; १ सप्टेंबरला आला तर जानेवारीपर्यंत बिल तुमचंच.

तास वर्षातल्या ३८ आठवड्यांचेच असतात. बारमाही नर्सरी ते ५१ आठवड्यांवर पसरते, की आठवड्याला जेमतेम २२ उरतात. वर जेवण, नॅपी यांचे पैसे वेगळे. म्हणून नाव घालण्याआधी महिन्याचा आकडा लेखी मागून घ्या, संकोच नको.

उरलेलं बिल टॅक्स-फ्री खात्यातून भरा. तुम्ही ८ पौंड टाकले की सरकार २ घालतं, तिमाहीला एका मुलामागे जास्तीत जास्त ५००. न वापरलेली मर्यादा पुढे जात नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेत असाल तर हे खातं उघडू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत. दर तीन महिन्यांनी माहिती पुन्हा पक्की करावी लागते. मोबाइलवर गजर लावून ठेवा. पुण्याहून आलेल्या आजीला यातून काही देता येत नाही, सांभाळणाऱ्याची नोंदणी लागते. पण मूल शाळेत गेलं म्हणून खातं बंद करू नका: अकराव्या वाढदिवसानंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी असलेले आफ्टर-स्कूल आणि सुट्टीतले क्लबही यातून भरता येतात.