गिटार शिकताना स्वतःचे यश कसे ठरवावे आणि कसे पडताळावे

गिटार शिकू लागलेल्यांपैकी बरेच जण काही महिन्यांतच वाद्य खोळीत घालून माळ्यावर टाकतात, आणि कारण विचारले तर 'काही जमत नव्हते' असे मोघम उत्तर देतात. नेमके काय जमत नव्हते हे त्यांना सांगता येत नाही, कारण काय आले म्हणजे जमले असे म्हणायचे, हे सुरुवातीला कोणीच ठरवलेले नसते. मोबाइलवर रोज दिसणारे सफाईदार वादन मग नकळत मोजपट्टी होऊन बसते आणि तिच्यापुढे स्वतःचा प्रत्येक दिवस उणा वाटतो. म्हणून गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः नोकरी-व्यवसाय सांभाळून तिशी-चाळिशीत शिकणाऱ्याने, आपले यश एका वाक्यात लिहून काढावे असे माझे ठाम मत आहे. ते वाक्य कसे लिहावे, त्याला धरून सराव कसा करावा आणि ते साध्य झाले की नाही हे कसे पाहावे, ते येथे सांगतो.

वाक्य कसे लिहावे

'मला चांगली गिटार वाजवता यावी' हे वाक्य उपयोगाचे नाही, कारण ते कधी पूर्ण झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. काय वाजवणार, कोणाबरोबर किंवा कोणासमोर वाजवणार, कोणत्या पट्टीत आणि ठेक्यात वाजवणार आणि कधीपर्यंत, एवढे त्यात आले पाहिजे. उदाहरणार्थ, 'आई काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) जे भावगीत म्हणते, त्याच्या तिन्ही कडव्यांना येत्या गणपतीत मी न थांबता केरवा तालात साथ करीन' हे वाक्य चोख आहे. गणपती झाल्यावर त्याचे उत्तर हो किंवा नाही असे सरळ देता येते आणि नाही आले तर कशामुळे अडले तेही दाखवता येते.

प्रत्येकाचे वाक्य वेगळे असणार आणि ते तसेच असावे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांना जे मानाचे स्थान मिळाले, त्यामागे चर्चशी जोडलेल्या शाळांत लहानपणीच झालेली स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीची, ओळख हे एक मोठे कारण होते, कारण वाद्यवृंदात समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवणारा माणूस लागत असे. ज्याला अशा कामात उतरायचे आहे त्याच्या वाक्यात नोटेशन वाचणे आलेच पाहिजे. घरच्या गाण्याला साथ करणाऱ्याने मात्र त्यावाचून स्वतःला अपुरे समजू नये. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली, तारांवर धातूची कांडी सरकवत तिच्यातून राग काढले आणि त्यासाठी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेतली. बोटांनी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) धरण्याचे जे कौशल्य इतर गिटारवादक वर्षानुवर्षे घोटतात, त्याची त्यांच्या या वादनाला गरजच नव्हती. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची गोष्ट तर वेगळीच. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली आणि पुढे मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर त्याने असे एकल वादन उभे केले की युरोपातील जॅझचे नाव त्याच्याशी जोडले गेले. आपला हात, आपला वेळ आणि आपल्याला ओढ असलेले संगीत यांना धरूनच वाक्य बांधावे, हे या दोघांकडून घेण्यासारखे आहे.

परीक्षा द्यायची असेल तर ती जरूर द्यावी. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा आपल्याकडेही होतात. त्यांत शंभरपैकी ६० गुणांना उत्तीर्ण, ७५ ला मेरिट आणि ८७ ला डिस्टिंक्शन मिळते. परीक्षेमुळे ठरलेली तारीख मिळते आणि बाहेरचा जाणकार कान मिळतो, हे दोन्ही मोलाचे आहे. पण गाणाऱ्याने मध्येच आलाप वाढवला तर वादक त्याला सांभाळून घेतो का, हे त्या गुणपत्रिकेवर दिसत नाही. ज्याचे यश साथीत आहे, त्याने केवळ श्रेणीवर विसंबू नये.

आधी वाद्य तपासावे

पुष्कळदा दोष गिटारचा असतो आणि शिकणारा तो स्वतःच्या बोटांना लावतो. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या. सराव सुरू करण्यापूर्वी बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तार फ्रेटच्या पट्टीपासून किती उंच आहे, ते साध्या मोजपट्टीने पाहावे. अकूस्टिक गिटारवर हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असले तर हाताला सोसते. ते चार मिलिमीटरच्या घरात असेल तर चांगल्या वादकालाही त्रास होईल. अशी गिटार दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन तिचे सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळणी) करून घ्यावे आणि हलक्या तारा बसवून घ्याव्यात. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगते, तारांना गंज चढतो आणि मे महिन्यात सहज दबणारी तार ऑगस्टमध्ये जड लागते, हेही ध्यानात ठेवावे. धातूच्या तारांनी बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतातच आणि कातडी घट्ट झाली की ते दुखणे जाते. मनगट दुखू लागले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा.

एफ कॉर्डचे उदाहरण

शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त निराशा ज्या ठिकाणी होते ते म्हणजे एफ ही बार कॉर्ड, म्हणून येथे थोडे थांबू या. पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वरचा आकार धरायचा, असे तिचे स्वरूप आहे. ती धरून एकदम स्ट्रमिंग केले, म्हणजे सगळ्या तारांवरून एका झटक्यात हात फिरवला, की 'खडखड आली' एवढेच कळते आणि त्यातून काही शिकता येत नाही. त्याऐवजी कॉर्ड धरावी आणि सहाव्या (सर्वांत जाड) तारेपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडून कोणती तार बोलत नाही ते वहीत लिहावे. अनेकदा दुसरी तार मुकी निघते, कारण ती पहिल्या बोटाच्या सांध्याच्या खोबणीत सापडलेली असते. अशा वेळी जोर वाढवू नये. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवावे, ते अंगठ्याच्या बाजूला किंचित कलते करावे, म्हणजे त्याची मऊ बाजू जाऊन हाडाची कड तारांवर येते, आणि कोपर शरीराजवळ आणून हाताच्या वजनाने तारा मागे ओढाव्यात. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरून पाहावा, कारण पहिला फ्रेट नटला (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीला) लागून असल्याने तेथे तार दाबायला सर्वांत जास्त बळ लागते.

आता यश कशाला म्हणायचे ते पाहा. पहिल्या आठवड्यात सहापैकी चार तारा स्वच्छ बोलल्या, पुढच्या आठवड्यात पाच बोलल्या, हे नोंदवण्याजोगे यश आहे, आणि 'एफ येत नाही' या वाक्यात ते साफ बुडून जाते. सहाही तारा बोलू लागल्यावर सी कॉर्डवरून एफवर आणि पुन्हा सीवर असा बदल एका मिनिटात किती वेळा स्वच्छ होतो ते मोजावे. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दर चार ठोक्यांना एक बदल न चुकता होऊ लागला की ही कॉर्ड गाण्यात वापरायला घ्यावी, त्याआधी नाही.

पट्टी आणि ठेका

घरच्या गाण्याला साथ करण्याचे वाक्य लिहिले असेल, तर गाणाऱ्याची पट्टी ही पहिली अट ठरते. आपल्याकडे गाणारा माणूस 'माझी काळी चार' किंवा 'पांढरी एक' असे पेटीच्या पट्टीवरून सांगतो आणि त्याला गिटारच्या पुस्तकातल्या पट्टीत गायला लावणे हा त्याच्या गळ्यावर अन्याय आहे. कॅपोने, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, हा प्रश्न सुटतो. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी पट्टीतील कॉर्डचे आकार वाजवावेत. काळी दोनसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि तेच आकार. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी पट्टीचे आकार. काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि पुन्हा जीचेच आकार. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात, म्हणून तो लावल्यावर ट्यूनरने सर्व तारा पुन्हा जुळवून घ्याव्यात, आणि तंबोऱ्याचे अ‍ॅप त्याच पट्टीत सुरू करून कानानेही खात्री करून घ्यावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या रचनेत कोमल रिषभासारखे स्वर रागाच्या अंगाने येतात, तिच्यावर सरसकट मेजर-मायनर कॉर्ड लादल्या की गाणाऱ्याच्या स्वरांशी त्या भांडू लागतात. रागात पंचम असेल तर अशा जागी केवळ षड्ज-पंचम (सा आणि प) धरून ठेवणे हीच उत्तम साथ होय. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो असताना तिसरी तार मोकळी सोडली की षड्ज मिळतो आणि चौथी मोकळी सोडली की खालचा पंचम. एवढ्या दोन तारा हळुवार छेडत राहिले तरी गाणे भरलेले वाटते. कोठे कमी वाजवायचे हे उमगणे साथीदाराच्या प्रगतीची मोठी खूण आहे, आणि शिकवणीत तिच्याकडे फार क्वचित लक्ष दिले जाते.

ठेक्याच्या बाबतीत माझे मत कडक आहे. कॉर्ड चुकली तर चालेल, ठेका सुटता कामा नये. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा आधी हाताने टाळी देऊन, तोंडाने बोल म्हणून पक्क्या कराव्यात, मग डाव्या हाताने तारांवर नुसते बोट टेकवून आवाज बंद ठेवावा आणि उजव्या हाताने तोच ठेका पिकने वाजवावा, आणि तो अंगात बसल्यावरच कॉर्ड जोडाव्यात. गाणे सुरू असताना बोट चुकीच्या तारेवर पडले तर मागे जाऊन ते दुरुस्त करण्याचा मोह आवरावा, कारण गाणारा पुढे गेलेला असतो आणि पुढच्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) त्याला गाठणे हेच आपले काम असते.

पडताळणी

वाजवत असताना स्वतःचे वादन नीट ऐकू येत नाही, कारण लक्ष बोटांत गुंतलेले असते. म्हणून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला तेच गाणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे, त्याच दिवशी ऐकू नये, दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकावे आणि तीनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत: लय कोठे धावली किंवा रेंगाळली, कोणती कॉर्ड अस्वच्छ आली आणि कोठे थांबावे लागले. जुनी मुद्रणे कितीही वाईट वाटली तरी पुसू नयेत. तीन महिन्यांनी पहिले आणि शेवटचे मुद्रण लागोपाठ ऐकले की झालेला बदल कानाला स्पष्ट ऐकू येतो, आणि दुसऱ्या कोणाच्या वादनाशी तुलना करण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी खरा असतो. बदल ऐकू आला नाही तर वहीतल्या नोंदी पाहाव्यात. बहुधा एकच कॉर्ड किंवा एकच जागा दर महिन्याला लिहिलेली सापडेल, आणि मग पुढचे पंधरा दिवस संपूर्ण गाणे न वाजवता त्या दोन मात्रांवरच काम करावे.

कामाच्या धबडग्यात सराव सुटणारे आठवडे येणारच. रविवारी सलग तीन तास बसून ते भरून काढू नये. त्याने बोटे सुजतात आणि सोमवारी गिटार हातात घेववत नाही. रोज वीस मिनिटे, त्यांतली पहिली पाच वाद्य जुळवण्यात आणि ठेक्यात, मधली दहा अडलेल्या जागेवर आणि शेवटची पाच आवडीचे काहीही वाजवण्यात घालवावीत. ही शेवटची पाच मिनिटे कधीही कापू नयेत.

ठरलेल्या दिवशी गाणाऱ्याबरोबर आधी एकदा पट्टी बोलून घ्यावी, कारण थकवा किंवा सर्दी असली तर काळी चारवाला गळा त्या दिवशी पांढरी चार मागू शकतो. तेव्हा कॅपो तिसऱ्या फ्रेटवर नेऊन डी पट्टीचे आकार वाजवता यावेत, म्हणून तेही आधी एकदोनदा करून ठेवावेत. गाणे झाल्यावर त्याच रात्री वहीतल्या वाक्यासमोर हो किंवा नाही लिहावे. हो असेल तर पुढच्या वाक्यात एकच गोष्ट बदलावी: ठेका, पट्टी किंवा ऐकणारी माणसे. नाही असेल तर वाक्य तेच ठेवून फक्त तारीख पुढे ढकलावी आणि ज्या जागी अडले ती जागा तारखेशेजारी लिहावी.