हलत्या स्पीकरचा वेग प्युअर डेटात कसा मोजला

स्पीकरवर १००० हर्ट्झचा सूर, समोर माइक, आणि डॉप्लर परिणामावरून (आवाजाचा उगम जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो) वेग काढायचा, असा बेत होता. प्युअर डेटा या ध्वनीवर काम करायच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमधल्या, सुराची वारंवारता मोजणाऱ्या ‘सिग्मंड~’चा आकडा मात्र सारखा नाचत होता. कारण उघड आहे: स्पीकर सेकंदाला १ मीटर वेगाने जवळ आला, तरी सूर जेमतेम २.९ हर्ट्झने चढतो. ४८,००० हर्ट्झ सॅम्पलिंगवर ४०९६ सॅम्पलच्या एफएफटीत (सिग्नलमधल्या वारंवारता वेगवेगळ्या रकान्यांत विभागणाऱ्या गणितात) दोन रकान्यांमधलं अंतरच ११.७ हर्ट्झ!

मग वारंवारता सोडून थेट फेज, म्हणजे लहर आपल्या फेरीत कुठवर आली आहे ते, मोजली. माइकचा सिग्नल १००० हर्ट्झच्या कोसाइनने आणि साइनने वेगवेगळा गुणला, दोन्हींपुढे २० हर्ट्झचे ‘लोप~’ (त्याहून वरच्या वारंवारता दाबणारे फिल्टर) एकापाठोपाठ दोन लावले, आणि गणिती सूत्रं लिहायच्या ‘एक्स्पर~’मध्ये एटॅन२ (दोन्ही आकड्यांवरून कोन, म्हणजेच फेज, देणारं फंक्शन) घेतलं. फेजची एक पूर्ण फेरी म्हणजे एक तरंगलांबी, साधारण ३४ सेंटिमीटर. कोन π वरून (पाय, म्हणजे अर्धी फेरी) उणे π वर उडी मारतो, तिथे २π मिळवून आलेख सलग करायचा. उलट्या उडीला वजा. आलेख किती झपाट्याने चढतो-उतरतो, त्यावरून वेग. आता स्पीकर दोन बोटं सरकवला तरी आलेख लगेच चढतो. बघताना फार आनंद होतो!

सूर मात्र त्याच साउंड कार्डातून काढा. फोनवरून वाजवला तर दोन उपकरणांच्या घड्याळांतल्या बारीक फरकामुळे जागचा न हललेला स्पीकरही सरकताना दिसतो.