पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखवायचीय? मग आधी हे करून ठेवा

आई-अण्णा, ताई-भावोजी आणि त्यांची दोन पोरं असे सहाजण कराडहून आमच्याकडे डोंबिवलीत येणार आणि "एक दिवस मुंबई करू की" म्हणणार, हे दर डिसेंबरात ठरलेलंच. यांची मुंबई म्हणजे गेटवे, राणीबाग, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू आणि वेळ उरला तर एलिफंटा. वेळ उरला तर! म्हणून पहिलं काम म्हणजे कागद घेऊन बसायचं आणि निम्म्याहून जास्त नावं खोडायची. कुणी रुसलं तर आत्ताच रुसू दे, संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर रुसण्यापेक्षा परवडलं. एका दिवसात मुंबईचा एकच पट्टा होतो, आम्ही सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशन) ते गेटवे आणि शेवटी मरीन ड्राइव्ह एवढाच धरतो.

मग वार बघायचा, ही गोष्ट मी गेल्या वर्षी विसरले. पोरांना पेंग्विन दाखवायचे म्हणून बुधवारी भायखळ्याला उतरलो आणि राणीबाग बुधवारी बंद असते हे गेटवर जाऊन कळलं, धाकट्याने तिथेच बैठक मारली. तसंच सोमवारी एलिफंटाची लेणी बंद आणि नेहरू तारांगणही बंद. तारापोरवाला मत्स्यालय तर बंदच झालंय, पण भावोजींच्या डोक्यात अजून आहे, त्यांना आधीच सांगून ठेवा. हाजीअली ठेवलंच असेल तर भरतीची वेळ बघून घ्या कारण भरतीला रस्ता पाण्याखाली जातो. आणि रविवार ठरवला असेल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) कुठल्या मार्गावर आहे ते बघितल्याशिवाय झोपू नका, साधारण अकरा ते चार गाड्या रखडतात आणि बरोबर त्याच वेळात आपण पोरांना "आलंच आता" सांगत असतो.

एलिफंटाबद्दल वेगळं सांगते कारण त्यावरून आमच्याकडे दरवेळी भांडण होतं. गेटवेहून बोटीने जायलाच तासभर, यायला तासभर, वर शंभरावर पायऱ्या, अण्णांचे गुडघे बघता डोली करावी लागेल आणि अण्णा डोलीत बसणार नाहीत, "मी काय नवरी आहे का" म्हणतात. तो सबंध वेगळा दिवस आहे. या दिवशी नको.

लोकलचं असं की ऑफिसच्या वारी आठ ते साडेदहा मुंबईकडे जायचं नाव काढायचं नाही. एकतर साडेसहाची पकडा नाहीतर सरळ अकरानंतर निघा. डोंबिवलीहून सुटणारी लोकल बघा म्हणजे सगळ्यांना बसायला मिळेल, कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये सहा पाहुणे कोंबायचे आणि कुर्ल्यापर्यंत पोरं कुठल्या काखेखाली आहेत ते शोधायचं, हे मी केलंय. तिकिटं आदल्या दिवशीच्या गप्पांत ठरवून टाका, पाच वर्षांखालच्यांना लागत नाही, पाच ते बाराला अर्धं. बायका लेडीजमध्ये आणि पुरुष जनरलमध्ये असे वेगळे चढणार असाल तर उतरायचं स्टेशन सगळ्यांना पाठ पाहिजे. आम्ही सीएसएमटीलाच उतरतो, शेवटचं स्टेशन, कुणी पुढे जाऊच शकत नाही. चुकामूक झाली तर इंडिकेटरखाली थांबायचं हे घरीच ठरवायचं आणि पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाकायची, थोरल्याला लाज वाटते, वाटू दे.

बाहेर आल्यावर पहिला अर्धा तास इमारत बघण्यातच जातो तो हिशोबात धरा. १८८८ साली बांधून पूर्ण झालेलं हे स्टेशन २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण पोरांना रस वरच्या दगडी माकडांत आणि मोरांत. तिथून चालत हुतात्मा चौक. इथे अण्णा थांबणारच, संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे, २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, हे सगळं नातवंडांना उभ्या उभ्या सांगणार, वीस मिनिटं त्यांच्या नावाने राखून ठेवा आणि घाई करू नका. पुढे काळा घोडा आणि म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. म्युझियम सव्वादहाला उघडतं, सहाला बंद होतं, सगळं बघायच्या भानगडीत न पडता पेंढा भरलेले प्राणी आणि शस्त्रं बघून बाहेर पडा, आत बसायला जागा आणि बरं टॉयलेट हे आईच्या दृष्टीने खरं आकर्षण. टॉयलेट दिसलं की सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली असो वा नसो, हा आमच्या घरचा कायदा. शेवटी गेटवे, १९२४ चं बांधकाम, फोटो, कबुतरं, झालं.

सामान कमीत कमी. एकच पाठीवरची सॅक आणि ती भावोजींच्या पाठीवर. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चटणी (दुपारी सहाजणांना घेऊन हॉटेलच्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही), पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या, ओआरएस, पॉवरबँक, टोप्या, ओला रुमाल, टॅक्सीत उलटी होणाऱ्या धाकट्यासाठी दोन पिशव्या आणि मरीन ड्राइव्हवर टाकायला जुनी चादर. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात. नवी चप्पल कुणीही घालायची नाही, ताई ऐकणार नाही, म्हणून तिच्यासाठी बँडएड. गर्दीत मोबाइल मागच्या खिशात नको, हे भावोजींना स्टेशनवर परत एकदा सांगा.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत हे गावच्या माणसाला सांगूनही पटत नाही, तर काळीपिवळीत चारच माणसं बसतात आणि आपल्याला दोन टॅक्स्या लागणार हे धरून चाला. भुयारी मेट्रो आता आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते, पोरांना तीच जास्त आवडते, येताना-जाताना एखादा टप्पा मुद्दाम मेट्रोने करा, म्युझियमपेक्षा तीच लक्षात राहील.

सूर्यास्ताची वेळ मात्र आधी बघून ठेवाच. डिसेंबरात सहा वाजताच सूर्य बुडतो, मेमध्ये सात वाजून जातात, आम्ही एकदा मेचा हिशोब डिसेंबरात लावला आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर पोचलो तेव्हा नुसता अंधार आणि ताईचा चेहरा. मग चौपाटीला भेळ, आणि परतीला साडेनऊच्या आधी सीएसएमटीला जायचं नाही, तोपर्यंत ऑफिसची गर्दी ओसरते आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने बसायला मिळतं.

सकाळी निघताना खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून, फोडणीचं काढून, कुकर ओट्यावर ठेवूनच दाराला कुलूप लावा. रात्री अकराला कुणीही काहीही शोधणार नाहीये.