परदेशात टॅक्सीत बसण्याआधी काटा शून्यावर बघा

मी सावद्याचा, केळी पिकवणारा. घड काट्यावर चढण्याआधी आम्ही दोन गोष्टी करतो: क्विंटलचा भाव तोंडाने वदवून घेतो आणि काटा शून्यावर आहे का ते वाकून बघतो. कापणी झाल्यावर भावाचं बोलायला गेलं तर माल आपला असूनही हात बांधलेले असतात. परदेशातल्या टॅक्सीचं तसंच आहे. बॅगा डिक्कीत गेल्या आणि गाडी हलली, की झाली कापणी. जे विचारायचं ते दार उघडं असताना विचारा.

गेल्या काही वर्षांत आम्ही दोघं थायलंड, व्हिएतनाम, दुबई, सिंगापूर फिरून आलो. आता गावातलं कोणी निघालं की आमच्या ओट्यावर येऊन आधी टॅक्सीचंच विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

तयारी घरूनच करायची. थायलंड, व्हिएतनाम, सिंगापूरला जाणार असाल तर ग्रॅबचं, म्हणजे आपल्या ओला-उबरसारखं टॅक्सी बोलवायचं अ‍ॅप इथेच मोबाइलमध्ये घ्या आणि ओटीपी टाकून खातं सुरू करून ठेवा. तिथे उतरल्यावर सिम बदललं की भारतातल्या नंबरचा ओटीपी मिळत नाही आणि माणूस विमानतळावर अडकतो. शहराचा नकाशाही घरच्या वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे इंटरनेट नसलं तरी गाडी कुठल्या दिशेला चालली ते दिसतं. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत हवा. बँकॉकमध्ये बऱ्याच चालकांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवलं की काम भागतं.

विमानतळाच्या दारात कोणी स्वतःहून जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणाला तर त्याच्यासोबत जायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो. हो ची मिन्ह शहरात तर काही जण ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत मागे लागतात. खरी ग्रॅबची गाडी तुम्हाला हाक मारत नाही. तिचा नंबर तुमच्या मोबाइलवर येतो, तो पाटीशी जुळवायचा. ‘बुकिंग रद्द करा, रोख द्या, स्वस्तात सोडतो’ असं चालक म्हणाला तरी रद्द करू नका. अ‍ॅपवर ठरलेला भाव हाच तुमचा पुरावा आहे.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाची पद्धत मला फार आवडली. तळमजल्यावर (तिथे त्यालाच पहिला मजला म्हणतात) यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो, त्या रांगेतल्या गाडीत बसायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, मोठ्या गाडीला थोडं जास्त. त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि रस्त्यातला टोल आपणच द्यायचा. हे कायदेशीर आहे, त्यावरून वाद घालू नका. शहरात मात्र पर्यटनस्थळांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या टाळा. त्यातले बरेच जण मीटर टाकायला तयार नसतात, उक्ता भाव सांगतात. थोडं पुढे चालून चालती टॅक्सी थांबवा आणि बसण्याआधी मीटरकडे बोट दाखवून ‘मीटर?’ एवढंच विचारा. मान हलली नाही तर दार लावा आणि दुसरी बघा.

आता माझं नुकसान झालं ते सांगतो. व्हिएतनाममध्ये मीटरवर शेवटची तीन शून्यं बहुधा दाखवत नाहीत. ३८ दिसलं तर ३८ हजार डाँग समजायचे. एका संध्याकाळी तेवढेच झाले. मी वीस हजारांच्या दोन नोटा म्हणून दोन निळ्या नोटा दिल्या. गाडीत दिवा नव्हता. चालकाने नोटा खिशात घातल्या आणि तो निघून गेला. खोलीवर हिने पैसे मोजले आणि म्हणाली, “अहो, पाच लाखांची एक नोट कमी लागतेय.” वीस हजारांची नोटही निळी, पाच लाखांचीही निळी, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तर रुपयांच्या आतली नोट द्यायची तिथे सोळाशेच्या वरची गेली. हिने त्याच रात्री पाच लाखांच्या नोटा पिन लावून पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात घातल्या. तेव्हापासून आम्ही गाडीतला दिवा लावायला सांगतो आणि एकेक नोट चालकाच्या हातावर मोजून ठेवतो. तुम्हीही असंच करा. सुट्टे पैसे आधीच दुकानातून पाणी वगैरे घेऊन करून ठेवा, कारण मोठी नोट दिली की ‘सुट्टे नाहीत’ हे उत्तर ठरलेलं.

दुबईत एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. तिथल्या टॅक्सी सरकारी देखरेखीखाली मीटरवर चालतात. फक्त विमानतळावरून मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं, ते बघून दचकू नका. गुलाबी छपराची टॅक्सी बायकांसाठी असते, एकट्या मुलीला, सुनेला हे जरूर सांगा. सिंगापूरला मध्यरात्री बारा ते सकाळी सहा मीटरवर निम्मी रक्कम वाढते. तोही नियमच आहे.

उतरताना आधी डिक्कीतल्या बॅगा खाली घ्या, मग पैसे द्या. तंटा झालाच तर रस्त्यात नको. गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येऊ द्या आणि काउंटरवरच्या माणसाला बाहेर बोलवा. चारशे-पाचशे रुपयांसाठी परक्या गावात रात्री कोणाशी भिडू नका.

आणि बँकॉकची ती चिठ्ठी फाडून टाकू नका, चालकाने मागितली तरी देऊ नका. तिच्यावर गाडीची माहिती असते. आमची कळण्याच्या पिठाची पिशवी मागच्या सीटवर राहिली होती. चिठ्ठी दाखवल्यावर हॉटेलवाल्यांनी फोन केला आणि तासाभरात तोच चालक पिशवी घेऊन दारात उभा होता.