ग्लास कॅटफिश: आरपार दिसणारा मासा घरच्या टँकमध्ये कसा टिकवायचा

ग्लास कॅटफिश नाजूक आहे, पटकन मरतो, अशी त्याची ख्याती आहे. खरं तर तो भित्रा आहे, आणि त्याच्या मरण्याची बहुतेक कारणं या भित्रेपणातूनच निघतात. दोन-तीनच मासे आणले, झगझगीत लाइट लावला, सोबत दंगेखोर मासे ठेवले, की तो एका कोपऱ्यात दबून राहतो, खाणं सोडतो आणि महिन्याभरात संपतो. तोच मासा शांत टँकमध्ये, आठ-दहाच्या थव्यात सात-आठ वर्षं सहज जगतो. म्हणून आधी टँक तयार करायचा आणि मगच मासे आणायचे. हा क्रम उलटा करू नका.

नेमका कोणता मासा

दुकानांत मिळणाऱ्या ग्लास कॅटफिशचं शास्त्रीय नाव क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस. हा मूळचा थायलंडच्या नद्यांतला. कित्येक वर्षं तो क्रिप्टोप्टेरस बायसिरिस किंवा मायनर या नावांनी विकला गेला. 2013 मध्ये इंग हिओक ही आणि मॉरिस कोटेलाट यांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. बऱ्याच पाट्यांवर अजून जुनंच नाव असतं. खरा बायसिरिस मोठा, 15 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा आणि व्यापारात क्वचितच येणारा. आपला मासा 6 ते 8 सेंटिमीटरवर थांबतो.

अंगावर एकही खवला नाही. वरच्या ओठाजवळून निघणाऱ्या दोन लांब मिशा, आणि पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेला झालरीसारखा पर. पाठीवरचा पर शोधूनही सापडत नाही. पाठीचा कणा आणि काट्यांची रांग स्पष्ट दिसते. पोटातले सगळे अवयव डोक्यामागच्या एका चंदेरी पिशवीत एकवटलेले असतात. उजेड माशाच्या आरपार आला की अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक सरकताना दिसते. हा रंग कातडीत नसतो. स्नायूंच्या अतिसूक्ष्म, एकसारख्या पट्ट्यांमधून जाताना प्रकाश विखुरतो आणि ते रंग उमटतात, म्हणून मासा हलला की तेही हलतात.

आफ्रिकन ग्लास कॅटफिश या नावाने विकला जाणारा मासा वेगळा. त्याच्या अंगावर काळसर आडवी रेघ असते आणि तो सतत पळत असतो. उंच, दोन्ही बाजूंनी चपटा ग्लासफिश तर कॅटफिश नव्हेच, त्याला मिशा नसतात. त्यात रंग टोचलेले मासेही विकले जातात, ते अजिबात घेऊ नका.

टँक आणि मांडणी

आठ ते दहा माशांसाठी 90 × 40 × 45 सेंटिमीटरचा टँक घ्या. काठोकाठ भरला तर 162 लिटर होतात. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात 130-140 लिटर पाणी राहतं. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हे मासे मधल्या थरात एका ओळीत, शेपटी जराशी खाली झुकवून, प्रवाहाकडे तोंड करून तरंगत राहतात.

तळाला गडद रंगाची बारीक वाळू 3 सेंटिमीटर जाडीची पसरा, या मापाच्या टँकला 17-18 किलो पुरते. मागची काच काळी करा. पांढऱ्या वाळूवर आणि उघड्या काचेसमोर हा मासा बावरतो, शिवाय तुम्हालाही धड दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा एकेक काटा मोजता येतो.

फिल्टर ताशी 600-700 लिटर फिरवणारा हवा, म्हणजे टँकच्या पाण्याच्या साधारण पाचपट. त्याचा फवारा नळ आखूड बाजूच्या काचेवर बसवा, म्हणजे प्रवाह टँकच्या लांबीने वाहील. झाडं दुसऱ्या टोकाला आणि मागे दाट लावा: व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, लाकडावर बांधलेले जावा फर्न आणि अनुबियास. मधला पट्टा मोकळा सोडा. प्रवाहाचं बरोबर माप माशांकडूनच कळतं. झालर लयीत हलवत ते एका जागी थांबले असतील तर ठीक. सगळे झाडांमागे जाऊन बसत असतील तर जोर कमी करा.

लाइट मंद, दिवसाला 6 ते 8 तास. पिस्टिया किंवा सॅल्व्हिनियासारखी तरंगती झाडं पृष्ठभागाचा अर्धा भाग झाकू द्या. अंधाऱ्या खोलीत टँकचा लाइट एकदम लावला की थवा दचकून काचांवर आपटतो. आधी खोलीतला दिवा लावा आणि 15-20 मिनिटांनी टँकचा. झाकण असायलाच हवं.

पाणी

तापमान 24 ते 26 अंश, पीएच 6 ते 7, एकूण कठीणपणा (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) 4 ते 10 जर्मन अंश. कार्बोनेट कठीणपणा (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) 2 ते 4 अंश ठेवा, त्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. नळाचं पाणी जड असेल तर आरओचं पाणी मिसळा: 16 अंशांचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की 8 अंश मिळतात. नुसतं आरओचं पाणी भरू नका. पीएच 7.2 ला स्थिर असेल तर तो रसायनं घालून पाडायच्या मागे लागू नका, रोज वरखाली होणारा 6.5 त्याहून वाईट. देशी बदामाची (टर्मिनालिया कटप्पा) दोन-तीन वाळलेली पानं टाकली तर पाणी चहासारखं होतं आणि उजेड आपोआप मंदावतो.

हीटर 150 वॉटचा पुरतो. उन्हाळ्यात पाणी 28 च्या वर जात असेल तर पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने पाणी 2-3 अंश उतरतं. फक्त उडालेलं पाणी आरओच्या पाण्यानेच भरा, कारण वाफ जाते पण क्षार टँकमध्येच राहतात.

नव्या टँकमध्ये हा मासा कधीच सोडू नका. आधी मासे न ठेवता टँक सायकल करा, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या: लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका घाला आणि टेस्ट किटने मोजत राहा. तेवढा अमोनिया 24 तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य दाखवू लागला, की सायकल पूर्ण. याला साधारण 3 ते 6 आठवडे लागतात. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला. त्यानंतर काटक मासे ठेवून टँक दोन-तीन महिने मुरू द्या आणि ग्लास कॅटफिश सगळ्यात शेवटी आणा.

निवडताना

सहा ही किमान संख्या आणि दहा ही बरी संख्या. सगळे एकाच वेळी घ्या. दोन-दोन करत वाढवलेल्या थव्यात आधीचे दोन भुकेने गेलेले असतात.

दुकानात नुकताच आलेला माल उचलू नका, आठवडाभर थांबा. मासे पाण्याच्या मधोमध तरंगत असले पाहिजेत, तळाला पडलेले किंवा पृष्ठभागावर हवा घेणारे नकोत. शरीर स्वच्छ पारदर्शक हवं. कण्याच्या वर किंवा शेपटीकडे दुधाळ धुरकटपणा दिसला तर तो मासा सोडून द्या. दोन्ही मिशा पूर्ण आहेत का ते पाहा. डोक्यामागची चंदेरी पिशवी भरीव दिसायला हवी, खपाटीला गेलेली नव्हे. आणि तुमच्यासमोर त्यांना खायला घालायला सांगा. खाताना पाहिल्याशिवाय हा मासा घेऊ नये.

पकडायला जाळीपेक्षा पारदर्शक मग किंवा डबा वापरा, मिशा जाळीत अडकून तुटतात.

टँकमध्ये सोडणं

घरी आल्यावर लाइट बंद. पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. प्रवास तास-दोन तासांचा असेल तर मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि एअरच्या बारीक नळीने टँकचं पाणी सेकंदाला 2-4 थेंब पडेल असं सोडा. तासभर किंवा पाणी साधारण तिप्पट होईपर्यंत हे चालू द्या.

प्रवास एक दिवसाहून जास्त झाला असेल तर मात्र हा थेंबांचा प्रकार करू नका. इतका वेळ बंद राहिलेल्या पिशवीत अमोनिया साचतो, पण सोबत कार्बन डायऑक्साइडही साचतो आणि त्यामुळे पीएच खाली राहतो, म्हणून अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि लगेच मासे टँकमध्ये सोडा. दोन्ही पद्धतींत पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

मुख्य टँकमध्ये सोडण्याआधी पहिले 3-4 आठवडे 40-50 लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये ठेवणं उत्तम: मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला प्लास्टिकची झाडं आणि सगळा थवा एकत्र.

खाणं

इथे सगळ्यात जास्त मासे हातचे जातात. नवे मासे पहिले 2-4 दिवस तोंड उघडत नाहीत. त्यांच्यापुढे फ्लेक्स टाकले तर ते पृष्ठभागावर भिजतात, बुडतात, तळाला कुजतात आणि मासे उपाशीच राहतात. हा मासा पृष्ठभागावर जाऊन किंवा तळ चिवडून खात नाही. प्रवाहातून समोर आलेला घास तो टिपतो. म्हणून फिल्टर चालूच ठेवा आणि खाणं फवाऱ्याच्या तोंडाशी थोडं थोडं सोडा, म्हणजे ते थव्यासमोरून वाहत जाईल. एका माशाने पुढे झेप घेतली की बाकीचे हलतात.

सुरुवात जिवंत डाफ्निया किंवा आर्टेमियाने (पाण्यातले बारीक जीव) करा. आठवड्याने गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डाफ्निया, डासांच्या अळ्या द्या. वडी टँकच्या पाण्यात वितळवून, गाळणीत धुऊन घ्या. आठ-दहा माशांना अर्ध्या वडीपासून सुरुवात करा आणि 2-3 मिनिटांत संपेल इतकंच ठेवा, दिवसातून दोनदा. महिनाभराने गोठवलेल्या खाण्यात हळूहळू बुडणारे अगदी बारीक पेलेट मिसळा. काही थवे ते घेतात, काही कधीच घेत नाहीत, त्यावर अडून बसू नका. लाइट गेल्यावर, खोलीतल्या मंद उजेडात दिलेलं खाणं ते जास्त मोकळेपणाने घेतात.

सोबती

हार्लेक्विन रासबोरा, कोरीडोरास, कुली लोच, पर्ल गौरामी, चेरी बार्ब चांगले. टायगर बार्ब, सिक्लिड, मोठे एंजल नकोत. आणि भांडखोर नसले तरी खाण्यावर तुटून पडणारे चपळ मासेही नकोत, त्यांच्यासमोर ग्लास कॅटफिशला घासच मिळत नाही. कोळंबीची बारीक पिल्लं मात्र तो खातो.

दर आठवड्याला

20-25 टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान एका अंशाच्या फरकात असावं आणि क्लोरीन काढणारं औषध आधीच मिसळलेलं असावं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून जात नाही, औषधच लागतं. नायट्रेट लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत ठेवा. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नव्हे.

काय बिघडतं

या माशाचं दुखणं लपत नाही, अंगच आरसा आहे. पूर्ण शरीर दुधाळ झालं तर तो गंभीर तणावात किंवा शेवटच्या टप्प्यात आहे. मेलेला ग्लास कॅटफिश पांढराफटक होतो. एकापेक्षा जास्त मासे धुरकट दिसले तर औषधाच्या बाटलीकडे जाऊ नका. आधी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान मोजा. पहिल्या दोनपैकी एकही शून्याच्या वर असेल तर लगेच निम्मं पाणी बदला, खाणं एक दिवस बंद ठेवा. एकाच माशाच्या अंगावर ठिकठिकाणी पांढरा ठिपका आणि त्यावर कापसासारखं काही दिसलं तर संसर्ग आहे, त्याला वेगळं काढा.

मिशा आखूड होत चालल्या असतील तर एखादा सोबती त्या कुरतडतोय का ते रात्री टॉर्चच्या मंद उजेडात पाहा, आणि पाणी व तळ दोन्हींची स्वच्छता वाढवा. पाठ सुरीच्या पात्यासारखी झाली, चंदेरी पिशवी आक्रसली, तर तो उपाशी आहे. जिवंत खाण्यावर परत जा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशांबरोबर हमखास येतो. खवले नसल्याने औषध अंगात लवकर शिरतं, म्हणून मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मालिनची औषधं पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने द्या. तांब्याची औषधं आणि मिठाचा मोठा डोस टाळा. तापमान 12 तासांत 1 अंश या गतीने 28-29 पर्यंत न्या आणि एअर पंप वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार 10-14 दिवस पूर्ण करा. औषध परजीवीला फक्त पाण्यात मोकळा पोहत असताना मारतं, कातडीखाली असताना नाही.

काही वर्षांनी थवा पाचाच्या खाली आला की उरलेले पुन्हा कोपरा धरतात. तेव्हा निदान तीन नवे मासे, वेगळ्या टँकमध्ये पूर्ण मुदत काढून, एकत्रच आणा. ते घरीच वाढवायची आशा धरू नका, घरच्या टँकमध्ये या माशाची पिल्लं होणं फारच दुर्मीळ आहे. नवे मासे सोडायचे ते लाइट गेल्यावर. सकाळपर्यंत ते बहुधा जुन्यांच्या रांगेत उभे असतात.